उद्याचे कपडे

१

लोक रोज कपडे मळवतात, म्हणून लाँड्रीवाल्या बाईला सुट्टी नसते. थोरली हे वाक्य अठ्ठावीस वर्षं ऐकवत आली होती आणि धाकटी ते अठ्ठावीस वर्षं मान डोलावून ऐकत आली होती. दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, आणि दुकानाच्या पाटीवर नावं त्या दोघा भावांची, पण दुकान चालायचं ते या दोघींच्या हातांवर. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे गाऊन, साहेब लोकांचे शर्ट. डाग ओळखायचे आणि काढायचे थोरलीने, इस्त्री करायची धाकटीने. कोणी कोणाच्या कामात नाक खुपसायचं नाही, एवढाच त्या घराचा कायदा.

धाकटीच्या इस्त्रीच्या टेबलासमोर मासिकातून कापलेलं एक चित्र होतं. समुद्राच्या कड्याकडेने जाणारी पायवाट, आणि तिच्यावरून पाठीवर छोटीशी पिशवी लावून चाललेली दोन माणसं. सात दिवसांची वाट. सकाळी मोठी बॅग खोलीत सोडायची, गाडीवाला ती पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवतो, आपण फक्त चालायचं. ते चित्र अकरा वर्षं वाफ खाऊन पिवळं पडलं होतं. दर वर्षी धाकटी म्हणायची, "ताई, या वर्षी जाऊ या का?" आणि दर वर्षी थोरली ते वाक्य ऐकवायची. या वर्षी मात्र धाकटी म्हणाली, "ताई, या वर्षी जाऊ या. मग नाही जमायचं." तिच्या आवाजात असं काही होतं की थोरली आपलं वाक्य गिळून बसली.

तयारी थोरलीने केली, म्हणजे लाँड्रीच्या रिवाजाने केली. सात दिवसांचे दोघींचे कपडे, चौदा पुडकी. खाकी कागद, पांढरा दोरा, वर पेन्सिलीने दिवसाचा आकडा. गाठ तिची स्वतःची होती. एक फास, दोन वेढे आणि टोक आत दडवलेलं. ती गाठ जगात दोघींनाच मारता यायची.

पहिला दिवस नुसता हसण्यात गेला. समुद्र डाव्या हाताला, वाटेवर दर थोड्या अंतराने पिवळा पट्टा मारलेला लाकडी खांब, आणि धाकटीच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू. मुक्कामाला पोचल्या तेव्हा बॅग दारामागे उभी होती. धाकटी अंघोळीला गेली. थोरलीने सवयीप्रमाणे उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवायला दोन नंबरची पुडकी सोडली आणि डोळ्यांच्या आधी तिच्या नाकाला कळलं.

घामाचा वास.

कॉलरला आतून करडी रेघ होती. पँटच्या खालच्या काठाला समुद्राच्या पाण्याचं मीठ सुकून पांढरं झालं होतं. धाकटीच्या शर्टाच्या डाव्या बाहीला मनगटापाशी पिवळ्या रंगाचा डाग होता, तीन बोटांएवढा, एका टोकाला निमुळता. दिवसभर अंगावर असलेले कपडे होते ते. आणि गाठ तर तिने आता स्वतःच्या हाताने सोडली होती.

दुसरी एखादी बाई घाबरली असती. थोरलीला लाज वाटली. लाँड्रीवाली बाई स्वतःच्या सुट्टीला मळके कपडे बांधून आणते! हे धाकटीला कळलं तर ती मरेपर्यंत चिडवेल. तिने कपडे भराभर उशीखाली कोंबले आणि रंग काढायला टर्पेंटाइन मिळतं का ते विचारायला ती घरमालकिणीकडे खाली गेली.

टर्पेंटाइनची बाटली घेऊन ती परत आली आणि उशी उचलली, तेव्हा शर्ट स्वच्छ होता. घडी जशीच्या तशी, कॉलरचं डावं टोक दोनदा दाबलेलं, धाकटीची खास सवय. थोरली पलंगावर बसली आणि बाटली हातात धरून बराच वेळ स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिली.

२

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास वाटेत एक रंगारी भेटला. खांबांवरचे पट्टे नव्याने मारत चालला होता.

"पुढचं गाव किती लांब आहे हो?" धाकटीने विचारलं, आणि विचारता विचारता दम खायला खांबाला टेकली.

"बाई, ओला आहे तो!"

धाकटी हसत सुटली. डाव्या बाहीवर मनगटापाशी डाग होता. तीन बोटांएवढा, एका टोकाला निमुळता.

लोक चेहरे लक्षात ठेवतात, थोरली डाग लक्षात ठेवायची. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या टेबलक्लॉथवरचा डाग तिला अजून आठवायचा. त्यामुळे 'असेल कुठलासा दुसरा' असं म्हणायची सोय तिच्याकडे नव्हती. तरी ती एवढंच म्हणाली, "चल. सुकायच्या आत टर्पेंटाइन लावायला हवं."

"इथे कड्यावर कुठून आणणार टर्पेंटाइन?"

थोरलीने पिशवीतून लहानशी बाटली काढली. काल घरमालकिणीने परत घेतली नव्हती.

"कमाल आहे ताई तुमची," धाकटी म्हणाली. "कोणी उद्या मरणार असेल तर आज पांढरी चादर घेऊन याल तुम्ही."

थोरली या विनोदावर हसली नाही.

३

त्या संध्याकाळी तिने तीन नंबरचं पुडकं धाकटीसमोर सोडायचं ठरवलं. पण धाकटी खाली नवऱ्याला फोन करत होती आणि थोरलीला धीर धरवला नाही. तिच्याच पँटचा उजवा गुडघा गवताने हिरवा झाला होता आणि त्या हिरव्याच्या मधोमध रक्ताचा नाण्याएवढा डाग होता, सुकून तपकिरी झालेला.

"अगं ए, वर ये! लवकर!"

धाकटी धापा टाकत जिना चढून आली. "काय झालं? तिकडे पण गोंधळच आहे. तुमच्या दिरांनी हॉटेलच्या चादरींबरोबर लाल पडदा घातला मशीनमध्ये. साठ चादरी गुलाबी झाल्या!"

"ते राहू दे. हे बघ."

"काय बघू?"

थोरलीने खाली पाहिलं. पँट कोरी करकरीत होती.

"घडी छान आहे," धाकटी म्हणाली. "माझीच आहे म्हटलं." मग तिने जावेच्या कपाळाला हात लावून बघितला. "ऊन लागलं का तुम्हाला?"

आधी थोरलीने धाकटीवरच संशय घेतला. गाठ तिला येते, थट्टेची खोड तिला आहे. पण खोलीत इस्त्री नव्हती, आणि इस्त्रीशिवाय तशी घडी घालणं धाकटीलाही शक्य नव्हतं. मग गाडीवाल्यावर घेतला. पण बॅगेत चौदा पुडकी घालून फिरणाऱ्या बायकांचे कपडे अंगात घालून तो काय करणार? शेवटी तिने स्वतःवर घेतला. वय झालं, डोळे थकले, अठ्ठावीस वर्षं डाग बघून आता नसलेले डागही दिसायला लागले. हे कारण तिला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती उजव्या गुडघ्यावर नजर ठेवून चालली. काठी घेतली, चढावर थांबली, उतारावर बसून सरकली. आणि दुपारी, गवताच्या सपाट पट्ट्यावर, जिथे शेंबडं पोरही पडलं नसतं, तिथे गुडघ्याकडेच बघत चालल्यामुळे तिला समोरचा दगड दिसला नाही.

धाकटीने रुमाल बांधला. हसत हसतच बांधला, पण नंतर तीही शेजारी बसली आणि बराच वेळ उठली नाही. पडली होती थोरली, श्वास मात्र हिचा जागेवर येत नव्हता. डावा हात छातीच्या मधोमध दाबून ती समुद्राकडे बघत होती.

"काय गं?"

"पित्त. सकाळचा चहा बाधला."

"किती दिवसांपासून बाधतोय चहा?"

"ताई, तुम्ही तुमचा गुडघा बघा," धाकटी म्हणाली.

४

चार नंबरमध्ये धाकटीच्या खिशावर जांभळा डाग होता. रानफळांचा रस. थोरलीने चौथा दिवस धाकटीला प्रत्येक काटेरी झुडपापासून हाताने ओढून दूर नेण्यात घालवला. "मी काय शेळी आहे का?" धाकटी वैतागून म्हणाली. दोनच्या सुमारास समोरून एक म्हातारा वाटसरू आला. फार हसरा आणि फार प्रेमळ. त्याने टोपीत गोळा केलेली जांभळी फळं ओंजळभर काढली आणि धाकटीच्या खिशात ओतली.

थोरलीला आता कळून चुकलं. जे पुडक्यात आहे ते होतं. सावध राहिलं तरी होतं, आणि कधी कधी तर सावध राहिल्यामुळेच होतं.

चौथा मुक्काम कड्यावरच्या एका एकट्या घरात होता. घरमालकिणीने चहा देताना पुढचा दिवस समजावून सांगितला. "उद्याचा टप्पा सगळ्यात मोठा. सात तास. मध्ये घर नाही, रस्ता नाही, फोनही लागत नाही. पण समुद्र असा दिसतो म्हणून सांगू! मग थेट शहरच लागतं, बाजार, हॉस्पिटल, सगळं आहे तिथे. सडकेने तेच शहर चाळीस मिनिटांवर आहे, पण सडकेने जायला इथे कोण येतं?"

"आम्ही नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या चित्रातली जागा उद्याचीच आहे."

जिना चढताना ती दोनदा थांबली. थोरली मागे उभी राहून मोजत होती. पहिल्या वेळी सहा पायऱ्यांवर, दुसऱ्या वेळी चार.

५

पाच नंबरची पुडकी सोडायचीच नाहीत असं थोरलीने ठरवलं. मग अर्ध्या तासाने ती सोडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांत बघत आलेल्या बाईला स्वतःच्या कपड्यांत न बघता राहवेना. धाकटी बाहेर बाकावर बसून सूर्यास्त बघत होती. खिडकीतून तिची पाठ दिसत होती.

आधी थोरलीने आपला शर्ट उलगडला. उजव्या खांद्यावर मोठा ओला चट्टा होता. घामाचा होता, पण तिच्या घामाचा नव्हता. त्याला आंबूस वास येत होता. चट्ट्यात दोन केस चिकटले होते, आखूड, मुळाशी पांढरे. असे केस तिच्या डोक्यावर नव्हते. ते रोज ज्या उशीवर दिसायचे ती उशी शेजारच्या पलंगावर होती.

मग तिने धाकटीचा निळा शर्ट उचलला आणि तो तिच्या हातातून सांडला. त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. पुढचा भाग वरपासून खालपर्यंत उभा फाटलेला, दोन्ही बाह्या मनगटापासून खांद्यापर्यंत उघड्या, पँटही तशीच. कपड्यातलं माणूस कुठे गेलं असा प्रश्न पडावा अशी त्यांची दशा होती. थोरलीच्या मनात कडा आला, खालचे खडक आले.

तिने खिडकीबाहेर बघितलं. धाकटी बाकावरच होती. परत खाली बघितलं तेव्हा शर्ट अखंड होता, परीटघडी केलेला.

तिने तो बॅगेच्या तळाशी, बुटांच्याही खाली दडवला.

६

"माझं पाच नंबर कुठे आहे?" सकाळी धाकटी बॅग उपसत म्हणाली.

"कालचाच घाल."

"जांभळा डाग पडलेला? तुम्ही सांगताय हे? ताई, तुम्हाला खरंच ऊन लागलंय." तिला शर्ट सापडला. "बुटांखाली! शर्ट आणि बुटांखाली!"

"आज जायला नको," थोरली म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय. इथेच राहू. दिवसभर खोलीत बसू."

"तुम्ही बसा. मी अकरा वर्षं त्या चित्राकडे बघत इस्त्री केली आहे. मी आज ती जागा बघणार म्हणजे बघणार."

तिने शर्ट अंगात घातला आणि बटणं लावायला लागली. वरचं बटण, दुसरं, तिसरं. थोरली तिच्या बोटांकडे बघत राहिली. कालपासून काहीतरी तिला टोचत होतं आणि ते काय आहे ते सापडत नव्हतं.

चौथं बटण. पाचवं.

बटणं लावलेली होती.

काल त्या चिंध्यांमध्ये शर्टाची सगळी बटणं लावलेली होती. एकही तुटलं नव्हतं. कापड बटणांच्या शेजारून चिरलं गेलं होतं, सरळ. कडेला एक धागा सुटलेला नव्हता. खडकावर फाटलेलं कापड असं नसतं, काटेरी तारेवर फाटलेलं असं नसतं. तिच्या बोटांना काल ती कड लागली होती आणि बोटांनी ओळखली होती, फक्त भीतीने डोकं बंद पडलं होतं. ती कात्री होती.

आणि ती कात्री तिच्या ओळखीची होती. हॉस्पिटलच्या चादरींच्या गाठोड्यात अधूनमधून असे कपडे चुकून यायचे. पुढून उभे कापलेले, बाह्या उघड्या, बटणं लावलेली. पहिल्यांदा आले तेव्हा थोरलीने तिथल्या एका नर्सला विचारलं होतं, हे मेलेल्या माणसाचे का? नर्स म्हणाली होती, "नाही हो मावशी. मेलेल्याचे सावकाश काढता येतात. कात्री चालवतो ती ज्याला वाचवायची घाई असते त्याच्यासाठी."

थोरली उठून उभी राहिली.

"बरं, घातलास ना? मग हाच राहू दे," ती म्हणाली. "काढू नकोस."

"आता काय झालं?"

"आणि आज आपण गाडीने जाणार आहोत."

धाकटी भांडली. लाँड्रीत कधी भांडली नव्हती एवढी भांडली, आणि भांडता भांडता तिला दम लागला, डावा हात छातीवर गेला.

"तुला ठाऊक आहे," थोरली म्हणाली. "निघायच्या आधीपासून ठाऊक आहे."

"डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या तपासण्या करा," धाकटी म्हणाली. "म्हटलं, आधी ही वाट बघून घ्यावी. तपासणीला गेले की तुम्ही मला दुकानातून हलू द्याल का?"

थोरलीला रागही आला आणि रडूही आलं, पण दोन्हींना वेळ नव्हता. खाली गाडीचा भोंगा वाजला होता.

७

"माणसं न्यायची परवानगी नाही, मावशी," गाडीवाला म्हणाला. गोल चेहऱ्याचा, कानामागे पेन खोचलेला माणूस. "फक्त सामान."

"मग आम्हाला सामान समज. लाव चिठ्ठ्या."

त्याने दोघींकडे बघितलं, धाकटीच्या ओठांच्या रंगाकडे बघितलं आणि मुकाट्याने पुढचं दार उघडलं.

सडक कड्याच्या आतल्या बाजूने वर चढत होती. वीसेक मिनिटांनी एका वळणावर डोंगर बाजूला झाला आणि मधल्या खाडीपलीकडे ती पायवाट दिसली. निळा समुद्र, हिरवा कडा, मधून गेलेली पांढरी रेघ. चित्रातली जागा.

"ती बघा," धाकटी पुटपुटली.

वाटेवर दोन माणसं होती. फार लांब, बोटाच्या पेराएवढी. एकीच्या अंगात निळा शर्ट होता आणि ती वाटेच्या मधोमध खाली बसली होती. दुसरीच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. थोरलीचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तिची पांढरी टोपी तिच्याच डोक्यावर होती.

पांढऱ्या टोपीवालीने सडकेच्या दिशेने तोंड केलं आणि दोन्ही हात वर करून हलवायला सुरुवात केली. ती ओरडत असणार, पण खाडीपलीकडून काही ऐकू येत नव्हतं. ती हात हलवतच राहिली.

"तिकडे कोणी आहे का रे?" थोरलीचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

गाडीवाल्याने मान वळवली. "कोणी नाही दिसत. आज त्या टप्प्याला तुम्ही दोघीच होता."

"ताई," धाकटी म्हणाली, "मला इतका घाम का येतोय?" आणि तिचं डोकं थोरलीच्या उजव्या खांद्यावर आलं.

गाडीवाल्याने गाडी पळवली. थोरली खांद्यावरचं डोकं धरून बसली. मागे वळून बघायची तिची छाती झाली नाही, आणि त्याबद्दल तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

८

पडद्यापलीकडून कात्रीचा आवाज आला. वरपासून खालपर्यंत, एकदा. मग बाही. मग दुसरी. थोरली भिंतीला टेकून ऐकत होती. इतका चांगला आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

"वेळेवर आणलंत," बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "रक्तवाहिनी उघडली आहे. पण हृदयाला बराच मार बसलाय. दोन दिवस काही सांगता येणार नाही."

नर्सने प्लास्टिकच्या पिशवीत निळा शर्ट दिला. बटणं लावलेली होती. गाडीवाल्याने बॅग आणून खुर्चीशेजारी ठेवली आणि जाताना स्वतःचा डबाही ठेवून गेला. दोघे भाऊ दुकानाचं शटर ओढून निघाले होते, पण त्यांना पोचायला दोन दिवस लागणार होते.

संध्याकाळी तिने सहा नंबर सोडलं. तिचा शर्ट पाठीवर आणि कोपरांवर चुरगळला होता, दिवसभर खुर्चीत बसल्यासारखा, आणि उजव्या बाहीच्या काठावर पुसलेल्या आसवांचं मीठ होतं. धाकटीचा शर्ट अंगाला लागलेलाच नव्हता. कोरा, थंड, कागदाच्या वासाचा.

थोरलीने स्वतःला बजावलं, अगं वेडे, तू गाऊन धुतेस ना त्यांचे? अतिदक्षतेत स्वतःचे कपडे कोण घालू देतं? कारण बिनतोड होतं. पण आसवांचं मीठ त्या कारणात बसत नव्हतं.

सहावा दिवस ती त्या खुर्चीत बसून राहिली. बॅग खुर्चीखाली होती आणि तिचे दोन्ही पाय बॅगेवर. बॅग कोणी हलवली नाही, उघडली नाही. काचेपलीकडे धाकटी नळ्यांमध्ये निपचित होती. दुपारी यंत्राचा सूर बदलला, चार माणसं आत धावली, पडदा ओढला गेला. तेव्हा थोरलीने डोळ्यांना उजवी बाही लावली. पडदा परत उघडला तेव्हा यंत्र पूर्वीसारखं वाजत होतं, पण कोणी तिच्याशी काही बोललं नाही.

संध्याकाळी सात नंबरचं पुडकं मांडीवर घेऊन ती कितीतरी वेळ बसली. शेवटचं पुडकं. हेही कोरं निघालं तर? दोऱ्याचं टोक आत दडवलेलं होतं, ते बाहेर काढायला तिच्या हातांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

धाकटीचा पांढरा शर्ट. तिने तो उलगडला.

तिसऱ्या बटणाच्या डावीकडे चहा सांडलेला होता. तळहाताएवढा डाग, खाली ओघळलेला, कडेला दुधाची फिकट रेघ. कॉलरला आतून अगदी बारीक घामाची छटा होती. एका जिवंत, चहा पिणाऱ्या, वेंधळ्या बाईचा शर्ट होता तो.

नजर काढली की डाग जाणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी काढली नाही. हजारो डाग तिने घालवले होते. हा एक राहावा म्हणून ती जीव मुठीत धरून बसली. शेवटी नर्सने "मावशी, काही खाल्लंत का?" म्हणून विचारलं, तिची मान वळली आणि शर्ट कोरा झाला.

बसल्या बसल्या तिला ती दुसरी आठवली, खाडीपलीकडे हात हलवणारी. तिच्या मांडीवर आज कुठलं पुडकं असेल? थोरलीने पांढरी टोपी डोक्यावरून काढली आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली. आणखी काय करता येईल ते तिला सुचलं नाही.

९

सातव्या दिवशी सकाळी धाकटीने डोळे उघडले. दुपारी तिला उशीला टेकवून बसवलं. पुढून बटणं असलेला शर्ट असेल तर घाला, गाऊनमध्ये उकडतं, असं नर्स म्हणाली. थोरलीने तिला पांढरा शर्ट घातला आणि बटणं स्वतःच्या हाताने लावली.

"चित्रातली जागा दिसली नाही," धाकटी म्हणाली. आवाज कागदासारखा पातळ झाला होता.

"दिसली की. गाडीतून."

"गाडीतून बघणं म्हणजे बघणं नव्हे."

"मग पुढच्या वर्षी चालत बघू."

धाकटीने तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "लाँड्रीवाल्या बाईला सुट्टी नसते म्हणतात."

"कोण म्हणतं? मूर्ख असेल ती."

चहा आला. थोरली कप धरायला पुढे झाली, पण धाकटीने ऐकलं नाही. "एवढी काही मेले नाही मी," म्हणत तिने कप स्वतःच उचलला. कप कलंडला.

"अरे देवा! ताई, लगेच पाण्यात घाला, सुकला की निघायचा नाही!"

तळहाताएवढा. तिसऱ्या बटणाच्या डावीकडे, खाली ओघळलेला. थोरलीने तो नीट बघितला. मग मुद्दाम मान फिरवली. खिडकीबाहेर बघत तिने सावकाश दहा आकडे मोजले, आणि मग भीत भीत पुन्हा वळली.

डाग तिथेच होता.

"राहू दे," थोरली म्हणाली.